आधी ड्युटी लिस्ट, मग समुपदेशन: आरोग्य केंद्रातल्या माणसांनी मिळून सावरण्यासाठी

संध्याकाळचे साडेचार वाजलेत. लसीकरणाचा दिवस होता. ओपीडी रिकामी झालीय, व्हॅक्सिन कॅरियरमधले आइस पॅक ओट्यावर पाझरत पडलेत आणि सब-सेंटरची (उपकेंद्राची) सिस्टर एकाच बाळाचं नाव तिसऱ्यांदा लिहितेय. आधी रजिस्टरात लिहिलं, मग पोर्टलवर चढवलं, आता रिपोर्टिंगच्या ग्रुपवर टाकतेय. रेंज जात-येत असल्यामुळे पोर्टलवरची नोंद राहिली की उडाली, तिला कळत नाही. शेवटची कदंब बस पाच दहाला. मी विचारलं, "कसं चाललंय गे?" मान वर न करता ती म्हणाली, "पुरो जालें गो." म्हणजे, पुरे झालं गं आता.

गोव्यातल्या कुठल्याही पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) काम केलेल्याला या शब्दांचं वजन सांगावं लागत नाही. हा लेख अशा माणसांसाठी आहे ज्यांच्याकडे बाकीचे येऊन असं बोलतात: एमओ (वैद्यकीय अधिकारी), एलएचव्ही (सिस्टरांवर देखरेख करणारी), हेल्थ सुपरवायझर किंवा सगळ्यांत जुनी सिस्टर. मी यात बरीच वर्षं काढलीत, चुकाही भरपूर केल्यात. माझं म्हणणं एकच आहे. कर्मचारी थकले की आपण हॉलमध्ये तणावमुक्तीचं सत्र ठेवतो, आणि ते संपल्यावर सगळे त्याच ड्युटी लिस्टकडे परत जातात. क्रम उलटा हवा. आधी काम दुरुस्त करा, मग मन. तसं केलं तर अर्ध्या जणांना दुसऱ्या उपायाची गरजच पडत नाही.

थोडं मागे जाऊन बघू. २५ मार्च २०२० ला गोव्यात कोविडचे पहिले तीन रुग्ण सापडले. मे २०२१ मध्ये दुसरी लाट शिगेला असतानाच तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं, झाडं पडली, दिवे गेले. दोन महिने उलटतात तोच जुलैत म्हादईला पूर आला आणि सत्तरी-डिचोलीत घरं कोसळली. जिच्या स्वतःच्या घरात चिखल शिरला होता ती आमची सिस्टर दुसऱ्या दिवशी पूरग्रस्त वाड्यावर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) टाळण्याच्या गोळ्या वाटत होती. त्यानंतर कोणीच "संपलं, आता बसा" असं म्हटलं नाही. सब-सेंटरवरचा फलक बदलला, आयुष्मान आरोग्य मंदिर झालं, नवे पोर्टल आले, नवी टार्गेटं आली. म्हणून आज जो थकवा दिसतो त्यात जुनं न उतरलेलं ओझं आणि नवं चढलेलं ओझं दोन्ही आहेत. दोन्हींवर उपाय वेगळे.

एक सूचना. केंद्राच्या मार्गदर्शिकांमध्ये पानोपानी 'आशा', म्हणजे गावातली आरोग्य स्वयंसेविका, भेटते. गोव्यात आशा नाहीत. घरोघरी जायचं काम एएनएम (सब-सेंटरच्या सिस्टर), एमपीडब्ल्यू (बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी) आणि अंगणवाडीच्या सेविकांवरच येतं. त्या पुस्तिकांमधली कामाची वाटणी जशीच्या तशी उचलली तर 'आशा करेल' असं जिथे लिहिलंय ते सगळं गुपचूप एएनएमच्या अंगावर पडतं.

पहिली पायरी: थकवा नीट ओळखा

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची जी व्याख्या केली, ती आजार म्हणून केलेली नाही, कामाच्या जागेतून उपजणारी स्थिती म्हणून केलीय. तिच्या तीन खुणा: अंगातलं त्राण जाणं, कामाविषयी मन उडणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. पहिली खूण सगळ्यांना दिसते. दुसऱ्या खुणेकडे आपण 'स्वभाव बिघडला' म्हणून बघतो. जी सिस्टर पूर्वी बाळंतिणीच्या पेजेची चौकशी करायची ती आता "पुढची" एवढंच ओरडते, तेव्हा तिला मेमो द्यायची घाई करू नका.

आठवडाभर फक्त बघा. कोण जेवणाचा डबा न उघडता परत नेतंय, कोण सुट्टीच्या दिवशीही येऊन बसतंय, कोण अचानक सोमवारी गैरहजर राहायला लागलंय. वहीत कोणाचं नाव लिहू नका. फक्त स्वतःला माहीत असू द्या.

दुसरी पायरी: भिंतीवरचा कागद

एक मोठा चार्ट पेपर घ्या, स्टाफ रूममध्ये चिकटवा, मधोमध रेघ मारा. डाव्या बाजूला लिहा: गेल्या दोन वर्षांत काय नवीन आलं? उजव्या बाजूला: त्यामुळे काय बंद झालं? आठवडाभर पेन तिथेच दोरीला बांधून ठेवा, ज्याला सुचेल त्याने लिहावं.

आमच्याकडे डावी बाजू तिसऱ्या दिवशी भरली. उजव्या बाजूला एकच ओळ होती, तीही कोणीतरी गमतीने लिहिलेली: "दुपारची झोप."

आता खरं काम. प्रत्येक रजिस्टर आणि पोर्टलसमोर दोन प्रश्न लिहा: हे कोण भरतं? आणि हे कोण वाचतं? लसीकरणासाठी यू-विन, क्षयरोगासाठी नि-क्षय, साथरोगांसाठी आयएचआयपी. आयएचआयपीत एस फॉर्म सब-सेंटरवरून जातो, पी फॉर्म डॉक्टरचा, एल फॉर्म लॅबचा, म्हणजे तिथे वाटणी स्पष्ट आहे. घोळ होतो तो या सगळ्याच्या शेजारी चालणाऱ्या घरगुती यादीत: कोणातरी साहेबांनी तीन वर्षांपूर्वी मागितलेला एक्सेलचा तक्ता, जो ते बदलून गेले तरी अजून दर शुक्रवारी जातोच. तो ज्या ई-मेलवर जातो तिथे फोन करून विचारा, "हे अजून लागतं का?" दोनदा मला उत्तर मिळालंय, "कसला तक्ता?"

मात्र हात कुठे लावायचा नाही तेही सांगते. जन्म-मृत्यू, मेडिको-लीगल (पोलीस केसेस), औषधसाठा, लसींच्या कोल्ड चेनच्या तापमानाची नोंद, ही रजिस्टरं कितीही जड वाटली तरी आपण होऊन बंद करायची नाहीत. दुहेरी वाटतात ती एमओंच्या सहीने वर लिहून कळवायची, उत्तर येईपर्यंत भरायची.

पोर्टल शिकवण्याबद्दल. पणजीच्या हॉलमध्ये प्रोजेक्टरवर दिलेलं ट्रेनिंग केंद्रात पोहोचेपर्यंत विसरलेलं असतं. त्यापेक्षा एक जुना आणि एक नवा अशी जोडी लावा, पण देवाणघेवाण दोन्हीकडून होऊ द्या, नाहीतर जुन्याला अपमान वाटतो आणि त्यात त्याची चूक नसते. १९८६ नंतर गोव्यात मलेरिया पसरला तेव्हा नोकरीला लागलेल्या पिढीकडून शिकलेले एमपीडब्ल्यू अजून आहेत. बांधकामावरच्या कुठल्या टाकीत अळ्या मिळणार, कुठल्या मुकादमाशी कसं बोलायचं, विहिरीत गप्पी मासे कधी सोडायचे, हे त्यांना कुठलंही पोर्टल न उघडता कळतं. आमच्या अशाच एका जोडीत पोरगी त्यांना आयएचआयपी भरायला शिकवायची आणि ते तिला साइटवर घेऊन जायचे. महिनाभरात ते "पासवर्ड विसरलो" म्हणून फोन करायचे थांबले, आणि ती एकटी साइटवर जायला लागली.

तिसरी पायरी: ड्युटी लिस्ट

इथे वेळ घालवा. बाकी सगळं घाईत केलंत तरी चालेल.

पहिल्यांदा जुन्या सहा महिन्यांच्या लिस्टा काढा आणि नावासमोर मोजा: किती नाईट, किती रविवार, किती सणाच्या ड्युट्या, किती कॉम्प-ऑफ (जादा ड्युटीच्या बदल्यातल्या रजा) बाकी. अंदाजाने बोलू नका, मोजा. मी मोजलं तेव्हा लाज वाटली. सणाच्या बहुतेक ड्युट्या तीन माणसांकडे होत्या: एक अविवाहित, एक कंत्राटी आणि एक 'नाही' म्हणता न येणारी. लिस्ट मीच बनवत होते.

मग विश्रांतीचे तास बघा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने परिचारिकांसाठी १९७७ मध्ये केलेल्या शिफारशीत दोन पाळ्यांमध्ये किमान १२ तासांची सलग विश्रांती असावी असं म्हटलंय. आपल्याकडे इव्हिनिंग रात्री आठला सुटते, मॉर्निंग सकाळी आठला लागते. कागदावर बरोब्बर १२. प्रत्यक्षात हँडओव्हर देऊन निघेपर्यंत साडेआठ, घरी पोहोचायला साडेनऊ, सकाळी साडेसहाला बस. मधे स्वयंपाक. झोप किती उरली ते तुम्हीच मोजा. इव्हिनिंगला जोडून मॉर्निंग द्यायची नाही, एवढा एकच नियम पाळलात तरी पंधरा दिवसांत चेहरे बदलतात. नाईटनंतरचा दिवस मीटिंगला बोलावण्यासाठी नसतो, हा त्याचाच धाकटा भाऊ.

आता चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी. गोव्यात चवथीला रजा न मिळणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला पटवता येत नाही. दीड दिवसाचा का असेना, मूळ घरी गणपती असतो, गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधायची असते, वर्षातून एकदाच सगळी भावंडं भेटतात. आणि नेमक्या त्याच दिवसांत पाऊस, डेंग्यू आणि लेप्टो असतो. बहुतेक केंद्रांत एक जुना, न लिहिलेला करार चालतो: ख्रिस्ती सहकारी चवथ सांभाळतात, हिंदू सहकारी नाताळ आणि ज्याच्या-त्याच्या गावचं फेस्त (चर्चचा सण) सांभाळतात. हा करार सोन्यासारखा आहे, पण तो तोंडी ठेवला की भलत्याच्या भिडेवर चालतो. तो वहीत उतरवा. सणाची एक वेगळी वही ठेवा: वर्ष, सण, ड्युटी कोणी केली, बदल्यात काय मिळालं. जूनमध्ये चवथीची पानं भरायला घ्या. गेल्या वर्षी ज्याने केली त्याला यंदा पहिली निवड. कंत्राटी आणि कायम यांची एकच वही.

लिस्ट महिन्याच्या २५ तारखेला लागली पाहिजे. ३१ च्या रात्री व्हॉट्सअॅपवर आलेली लिस्ट कितीही न्याय्य असली तरी तिच्याने भांडणच होतं, कारण मुलाची शाळा, सासऱ्यांचं डायलिसिस, शेवटची बस यांची सोय एका रात्रीत होत नाही. अदलाबदल करायला मोकळीक द्या, पण दोघांच्या सहीने. "तिने हो म्हटलं होतं" हे वाक्य लिस्टीच्या बाजूला उभं राहू शकत नाही.

फोनचंही इथेच ठरवा. रिपोर्टिंगचा ग्रुप रात्री आठनंतर गप्प. तातडीचं असेल तर फोन करायचा, मेसेज नाही. म्हणजे मेसेजची टिंग वाजली तरी कोणाला उठून बसावं लागत नाही. आमच्या एमओंनी स्वतः रात्री साडेदहाला "उद्या सकाळी आठवण करा" असे मेसेज टाकायची सवय सोडली तेव्हाच हा नियम चालायला लागला. त्यांना ते सांगायला मला दोन महिने धीर गोळा करावा लागला.

चौथी पायरी: उभ्याने दहा मिनिटं

सकाळी ओपीडी उघडण्याआधी, सगळे उभे. बसलं की मीटिंग होते. तीनच प्रश्न: काल काय अडलं? आज कोण एकटं पडणार आहे? कोणाला काय हवंय? सब-सेंटरवरचे फोनवरून येतील. कोकणीत, मराठीत, जसं येईल तसं बोला. वरून आलेले आदेश वाचून दाखवायला ही जागा नाही, त्यासाठी नोटीस बोर्ड आहे.

दुसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाची (रानातल्या गोचिडीमुळे होणाऱ्या आजाराची) भीती आली तेव्हा काजूच्या बागांत, रानालगतच्या वाड्यांवर एकट्याने जाणारा माणूस किती घाबरलेला असतो, हे आम्हाला असंच उभ्या-उभ्या कळलं. तो घाबरलोय असं कधीच म्हणाला नाही. "गाडी मिळेल का?" एवढंच विचारायचा. दुसऱ्या एमपीडब्ल्यूला त्याच्याबरोबर लावला, गाडीचा विषय परत निघाला नाही.

जो बोलत नाही त्याला बोलायला लावू नका. नंतर चहाला त्याच्या शेजारी उभे राहा.

पाचवी पायरी: वाईट दिवस

अर्भकाचा मृत्यू, बाळंतीण बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) पोचेपर्यंत गेली, नातेवाईकांनी कॉलर धरली. अशा दिवशी काय करायचं ते तो दिवस यायच्या आधी ठरवलेलं असावं, कारण त्या क्षणी कोणाचंच डोकं चालत नाही.

आमच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद असा आहे. ज्याच्या हातून केस गेली त्याचं पुढचं काम दुसरा उचलेल, न विचारता. नातेवाईकांशी बोलायला एमओ जातील, सिस्टरला पुढे करायचं नाही. नोट्स पूर्ण करताना शेजारी कोणीतरी बसेल. त्या माणसाने स्कूटर चालवत घरी जायचं नाही, कोणीतरी सोडेल. रात्री एक फोन, दुसऱ्या दिवशी सकाळी एक फोन, आणि ते कोण करणार त्याचं नाव आधीच ठरवलेलं.

यातला "दुसरा उचलेल" हा भाग वाचायला सोपा आहे. मी तो एकदा डोळ्यांनी बघितला. लेबर रूमच्या बाहेर एक तरुण सिस्टर हातमोजे घालूनच उभी होती, काढायचं भान नव्हतं. आमची जुनी आया आली, काही न बोलता तिचे हात धरले, एकेक मोजा उलटा करून सोलून काढला, लाल पिशवीत टाकला आणि म्हणाली, "बाये, हात धू. मी हांगा आसां (मी इथे आहे)." मग बाहेरून चहा आणला, साखर जास्त घालून. मानसशास्त्रीय प्रथमोपचार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये जी पुस्तिका काढली तिची तीन सूत्रं आहेत: पाहा, ऐका, जोडून द्या. आयाने ती पुस्तिका वाचलेली नाही.

एक गोष्ट कटाक्षाने टाळा. घटनेनंतर लगेच सगळ्यांना गोल बसवून "काय झालं, काय वाटलं, प्रत्येकाने सांगा" असं करायचं नाही. हे एकेकाळी उपयोगी मानलं जायचं. पण अशा एका बैठकीतल्या जबरदस्तीच्या कथनाने पुढचा त्रास टळत नाही असं अभ्यासांत दिसलं, आणि जागतिक आरोग्य संघटनाही ते करू नका असंच सांगते. ज्याला बोलायचंय त्याला ऐकणारा मिळू द्या, एवढं पुरे. त्या केसमध्ये वैद्यकीयदृष्ट्या काय चुकलं याची चर्चा वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत.

हल्ला झाला असेल तर तक्रार कर्मचाऱ्याने एकट्याने पोलीस स्टेशनवर जाऊन करायची नाही. ती संस्थेची तक्रार आहे. गोव्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हिंसेसाठी २०१३ पासून स्वतंत्र कायदा आहे. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने केंद्राच्या रुग्णालयांना व वैद्यकीय महाविद्यालयांना कळवलं की घटनेनंतर सहा तासांच्या आत संस्थाप्रमुखाने एफआयआर नोंदवावा. तुमचं केंद्र त्या पत्राच्या यादीत बसो न बसो, सहा तासांची शिस्त उचलण्यासारखी आहे. 'मिटवून टाकू' म्हणणारा गावचा पुढारी सातव्या तासाला येतो.

सहावी पायरी: दुखणं मोठं असेल तर

दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कशात मन नाही, सारखं रडू किंवा सारखा राग. किंवा दारू वाढलीय. हे ड्युटी लिस्टीने बरं होत नाही. दारूबद्दल आपण गोव्यात फार सैल बोलतो, "थोडी घेतो" म्हणतो. सकाळी ड्युटीवर वास येत असेल तर ते थोडं नाही.

इथे गोव्यालाच एक अभिमानाची गोष्ट आहे. नैराश्य आणि दारूच्या त्रासावर, डॉक्टर नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी बोलून उपचार करता येतात, हे 'संगाथ' संस्थेने आपल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत करून दाखवलं. २०१० मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. नैराश्यासाठी सहा ते आठ बैठका, दारूसाठी चारपर्यंत. म्हणजे ज्या ओपीडीत आपण बसतो तिथून जगाला धडा गेला, आणि आपलेच लोक मदत मागायला लाजतात.

लाजेचं कारण खरं आहे, ते नाकारू नका. आपण ज्या व्यवस्थेत काम करतो तिथेच केसपेपर काढायचा म्हणजे खिडकीवरचा क्लार्क ओळखीचा. शिवाय 'बांबोळीला गेली' म्हटलं की लोक विचारतात, मोठ्या इस्पितळात की पलीकडे, मनोरुग्णालयात? म्हणून पर्याय तयार ठेवा. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत, घरातून. दुसऱ्या तालुक्यातल्या ओपीडीत जायला एक दिवसाची रजा, कारण न विचारता. मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क रुग्णाला आहे, आणि आपला सहकारीही तेव्हा रुग्णच असतो. रजेच्या अर्जावर काय लिहिलंय हे स्टाफ रूममध्ये कळलं तर तो गुन्हा लिस्ट बनवणाऱ्याचा.

मरणाची भाषा ऐकू आली तर सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार येतो का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही, बहुतेकदा माणूस सुटल्यासारखा बोलायला लागतो. हो म्हटलं तर एकटं सोडायचं नाही, घरच्यांपैकी त्याला चालेल अशा माणसाला बोलवायचं, औषधांच्या कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे द्यायची, आणि त्याच दिवशी मनोविकार तज्ज्ञाकडे बरोबर जायचं. गरज पडली तर १०८.

सातवी पायरी: वर कळवणं आणि मोजणं

"स्टाफ कमी आहे" असं पत्र कांपालला (आरोग्य संचालनालयात) रोज जात असेल. त्याऐवजी आकडे पाठवा: गेल्या तीन महिन्यांत इतक्या नाईट इतक्या जणांनी केल्या, इतके कॉम्प-ऑफ बाकी, इतकी पदं रिकामी, इतकी नोंद दुहेरी. एक पान, शेवटी एकच मागणी. पाच मागण्या केल्या की पाचही फाइलीत जातात.

स्वतःसाठी दर महिन्याला तीन आकडे लिहा: अचानक घेतलेल्या रजा, बदलीचे अर्ज, बाकी कॉम्प-ऑफ. पहिल्या महिन्यात रजा वाढतील. घाबरू नका, आतापर्यंत न मागणारे मागायला लागले असतील. तिसऱ्या महिन्यातही कॉम्प-ऑफचा आकडा खाली आला नसेल तर तणावमुक्तीच्या सत्रासाठी कोणाला फोन करू नका. गेल्या महिन्याची लिस्ट परत काढा, लाल पेन घ्या, आणि इव्हिनिंगला जोडून मॉर्निंग कोणाकोणाला लागलीय ते बघा. आमच्याकडे त्या महिन्यात चार ठिकाणी निघाली होती, आणि त्यातल्या तीन ठिकाणी नाव त्याच सिस्टरचं होतं, जिची बस पाच दहाला सुटते.